रसायने सोडायची, पण घाई न करता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाशीम जिल्ह्यात आमची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. दरवर्षी सोयाबीन आणि त्यात थोडी तूर घेतो. येत्या खरिपापासून खते, फवारण्या, तणनाशक सगळेच बंद करावे, असा मुलाचा आग्रह आहे. गावातले लोक मात्र श्रीलंकेचे उदाहरण देऊन भीती घालतात. आम्ही काय करावे?

उत्तर : मुलाची दिशा बरोबर आहे, मात्र पाचही एकर एकाच हंगामात बदलू नयेत. श्रीलंकेच्या सरकारने 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली, त्याचा भात आणि चहा या दोन्ही पिकांना फटका बसला आणि नोव्हेंबरमध्ये ती बंदी मागे घ्यावी लागली. त्यावरून रसायनांवाचून शेती होतच नाही, असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. तिथे खत काढून घेतले गेले, पण त्याचे काम करणारे शेणखत, कंपोस्ट आणि द्विदल पिकांचा फेरपालट पुरेशा प्रमाणात उभे राहण्याआधीच, आणि शेतकऱ्याला शिकायलाही वेळ न देता.

ॲग्रोइकॉलॉजी, म्हणजे निसर्गातील परस्परसंबंधांच्या आधारे शेतीची आखणी करण्याचे शास्त्र, या विषयातील अमेरिकी अभ्यासक स्टीफन ग्लीसमन यांनी या बदलाचे पाच टप्पे सांगितले आहेत. आधी रासायनिक निविष्ठांचा, म्हणजे खते-औषधे यांसारख्या शेतात घालायच्या वस्तूंचा, अपव्यय थांबवायचा, मग त्यांच्या जागी पर्यायी निविष्ठा आणायच्या, तिसऱ्या टप्प्यात शेताची रचनाच बदलायची. चौथा टप्पा उत्पादक आणि ग्राहक यांचे थेट नाते जोडण्याचा आणि पाचवा संपूर्ण अन्नव्यवस्था न्याय्य पायावर उभी करण्याचा. आपल्याकडे पुष्कळ जण दुसऱ्या टप्प्यावरच अडकतात. डीएपी या रासायनिक खताची गोणी जाऊन जीवामृताचा, म्हणजे शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून केलेल्या द्रावणाचा, ड्रम येतो, पण या धुऱ्यापासून (बांधापासून) त्या धुऱ्यापर्यंत एकटे सोयाबीनच उभे असते. शिवाय दाण्यांबरोबर शेताबाहेर जाणारे स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) एकट्या जीवामृताने भरून निघत नाहीत. त्यासाठी शेणखत किंवा कंपोस्ट लागतेच.

म्हणून पहिल्या वर्षी एकच एकर निवडावा, तोही शक्यतो घराजवळचा, जिथे रोज पाय पडतील. त्यात सोयाबीनच्या दर काही ओळींनंतर तुरीची ओळ ठेवावी, अधूनमधून ज्वारीचे दाणे टाकावेत, एका पट्ट्यात मूग किंवा उडीद घ्यावा आणि धुऱ्याला अंबाडी लावावी. ज्वारीच्या कणसांवर पक्षी येऊन बसतात आणि आजूबाजूच्या पिकावरच्या अळ्या टिपतात, त्यामुळे वेगळे पक्षीथांबे रोवण्याचे काम वाचते. पावसाने मध्येच ओढ दिली आणि सोयाबीन हातचे गेले, तरी खोल मुळांची तूर बहुधा तग धरते आणि तिचा पालापाचोळा जमिनीतच मिसळतो. सोयाबीन आणि तूर दोन्ही द्विदल असल्याने रायझोबियम या हवेतील नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया करून (पेरणीआधी ते बियाण्याला चोळून) आधी युरियाला कात्री लावता येईल. अळीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 100 लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीचा भरडा, अळी लहान असतानाच फवारावा. सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पेटवू नये. जनावरांना घालून उरेल ते आच्छादन म्हणून पसरावे.

एका गोष्टीचा हिशेब मात्र आधीच घरात मांडावा. तणनाशक बंद झाले की निंदण, म्हणजे हाताने तण काढणे, वाढते, आणि आपल्या भागात निंदणाचे काम बायकाच करतात. पहिल्या सहा आठवड्यांत वेळेवर दोन डवरण्या (ओळींमधून बैलाचे डवरे चालवणे) झाल्या तर हा भार बराच हलका होतो. तरीही जे निंदण उरेल त्याची पूर्ण मजुरी, घरच्या बाईच्या श्रमासह, खर्चात धरावी. ती न धरता शेती परवडते असे सांगणे मी अन्यायाचे मानतो.

प्रश्न : मी पुण्यात राहते. विषमुक्त म्हणून मिळणारी डाळ नेहमीच्या डाळीपेक्षा बरीच महाग असते. तिच्यावर विश्वास कसा ठेवावा, आणि हे अन्न केवळ सधन लोकांसाठीच आहे का?

उत्तर : ही डाळ महाग पडण्यात वाहतूक, पॅकिंग आणि मधल्या हातांचा वाटा मोठा असतो; वरचे सगळे पैसे शेतकऱ्याला मिळतात असे समजू नये. विश्वासासाठी पीजीएस-इंडिया ही सेंद्रिय मालाच्या सहभागी हमीची केंद्र सरकारची पद्धत उपयोगी आहे. तिच्यात गावातील किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो, त्यामुळे बाहेरच्या संस्थेचे महागडे प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. बदलाच्या काळातील मालाला ‘ग्रीन’ आणि तो काळ पूर्ण झालेल्या शेतातील मालाला ‘ऑरगॅनिक’ असे शिक्के असतात. माझी विनंती आहे की आपण ‘ग्रीन’ मालही घ्यावा, कारण शेतकऱ्याला सर्वांत जास्त तोटा त्याच वर्षांत सोसावा लागतो. सोसायटीतील दहा-बारा कुटुंबांनी मिळून एखाद्या गटाला पेरणीच्या वेळीच वर्षाच्या डाळीची आगाऊ रक्कम दिली, तर शेतकऱ्याचे सावकाराकडचे कर्ज टळते आणि आपल्यालाही डाळ स्वस्त पडते.

गरिबांच्या ताटापर्यंत हे अन्न पोहोचवणे मात्र एकट्या ग्राहकाच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी सरकारी खरेदीच लागेल. ब्राझीलने 2009 च्या कायद्याने शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीतील किमान 30 टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदी करण्यासाठी राखून ठेवली आणि सेंद्रिय मालाला जादा भाव देण्याची मुभाही दिली. आपल्या शाळांच्या खिचडीत जवळच्या गटांची तूर आणि मूग का नसावेत, हा प्रश्न पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत जरूर मांडावा.

प्रश्न : घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवले आणि शेजाऱ्याला दिले तर कायद्याने चालते का?

उत्तर : चालते. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 नुसार, संरक्षित वाणाचेही बियाणे शेतकऱ्याला राखता, पेरता, देता-घेता आणि विकताही येते. फक्त त्या वाणाचे नाव छापून ब्रँड म्हणून विकता येत नाही. सोयाबीन स्वपरागसिंचित असल्याने घरचे बियाणे टिकते, पण त्याचे साल पातळ असते, म्हणून पोती आपटू नयेत. पेरणीआधी ओल्या गोणपाटावर 100 दाणे ओळीत मांडून ते गुंडाळून सावलीत ठेवावे आणि आठवड्याने अंकुर मोजावेत. 70 किंवा अधिक उगवले तर एकरी 30 किलो बियाणे पुरेल. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे.