खाटेखालचा कोयता

ताई, रस्त्यात आमची अडीच एकर गेली. मोबदल्याची नोटीस आल्यापासून मालक पार बदललेत. संध्याकाळी धाब्यावर जातात, पिऊन येतात. धाकट्या दिराशी बोलणं बंद आहे. नणंदेने हक्कसोडपत्रावर सही केली नाही, तर तिला माहेरचा उंबरा बंद म्हणतात. गायींना वाढं तोडायचा कोयता रात्री टॉवेलात गुंडाळून खाटेखाली ठेवतात. सातवीतल्या मुलाने विचारलं, ‘पप्पा काकांना मारणार का?’ सोळा वर्षं धारा यांनीच काढल्या, सासूबाईंचं दुखणं यांनीच काढलं, दीर पुण्याला नोकरीला गेले. एवढा लोभ या माणसात कुठून आला?

– एक बहीण

प्रिय बहिणी,

आधी कोयत्याचं बोलू. तो आजच्या आज घराबाहेर जाऊ दे, शेजारच्या वस्तीवर किंवा तुमच्या भावाकडे. मालक पिऊन आले आणि आवाज चढला, तर समजूत घालायला थांबू नका. मुलाला घेऊन शेजारी जा आणि ११२ लावा. नवऱ्याची तक्रार कशी करायची, असं वाटेल. पण हात उठायच्या आधी कुणी अडवलं, तर त्यात त्यांचंही भलंच आहे.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की सोळा वर्षं धारा त्यांनीच काढल्या, सासूबाईंचं दुखणं त्यांनीच काढलं आणि दीर पुण्याला नोकरीला गेले. मला सगळ्याचं मूळ तिथे दिसतं. जमीन होती तोवर राबणारा तिचा धनी होता. नोटीस आली, सातबाऱ्यावरची नावं वाचली गेली आणि एका दिवसात सगळे सारखे झाले. २०१३ च्या कायद्याने गावाकडच्या जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत पैसे मिळू शकतात, पण सोळा वर्षांच्या पहाटे उठण्याचा रकाना त्या कागदात नाही. आपण फसवले गेलो असं वाटणारा माणूस फार भयंकर वागू शकतो, कारण त्याच्या लेखी तो न्यायच मागत असतो. त्यात रोज संध्याकाळी धाब्यावर ‘तू गप बसलास तर भाऊ सगळं खाईल’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं काहीच जात नाही.

माझ्या माहेरी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वडील आणि चुलते अकरा वर्षं बोलत नव्हते. शेवटी चुलते ओट्यावर येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, ‘दादा, मोटर जळली तेव्हा तू एकट्यानं पैसे घातलेस, ते मी कधी बोललो नाही.’ पाळी होती तशीच राहिली. वडील मात्र त्या दिवशी रडले.

म्हणून दिरांना तुम्ही किंवा मामेसासऱ्यांनी गाठावं. पैशांचा विषय नंतर. आधी त्यांनी मोठ्या भावासमोर बसून त्याचे कष्ट तोंडाने मोजावेत. मग हिशेब मांडा. आईच्या औषधपाण्याचा, बोअरचा, पाइपलाइनचा खर्च समाईक रकमेतून आधी वळता करायला दीर कदाचित सहज तयार होतील.

नणंदेच्या बाबतीत मात्र मी तुमच्या मालकांच्या बाजूने नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. २००५ साली कायदा बदलला आणि त्यासाठी तेव्हा वडील हयात असायची अट नाही, हेही २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. धाकाने घेतलेली सही कोर्टात जाऊन रद्द करून घेता येते. आणि हिश्शांवर वाद पेटला, तर प्रकरण भूसंपादनाच्या प्राधिकरणाकडे किंवा कोर्टात जातं आणि पैसा तिथेच अडकतो. हे मालकांना तुमच्या तोंडून पटणार नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वकिलाशी आधी तुम्ही बोला, मग मालकांना घेऊन जा.

मुलाला उत्तर द्यायचं राहिलंय. ‘नाही, मी मारू देणार नाही,’ असं त्याला आज रात्रीच सांगा. कोयता बाहेर नेऊन ठेवल्यावर सांगा.

तुमची ताई