थर्माकोल कोरून केलेली पाटी पावसात टिकेल का?

घोडबंदर रोडवरच्या बेकरीसाठी थर्माकोलचा मोठा पाव कोरून त्यावर फायबर चढवायचंय ना? जरूर करा, पण पॉलिएस्टर रेझिन (फायबरचा थर घट्ट करणारं द्रव रसायन) थेट लावू नका. त्यातलं स्टायरीन नावाचं द्रावक थर्माकोल विरघळवतं आणि सगळं कोरीवकाम डोळ्यांदेखत खचतं. त्याऐवजी इपॉक्सी रेझिन घ्या, थोडं महाग पडलं तरी. त्यात भिजवलेलं काचतंतूंचं कापड चढवा, पूर्ण सुकल्यावर घासून रंग द्या.

लोखंडी सांगाडा आधीच आत बसवा आणि भिंतीचे बोल्ट त्यालाच घ्या. नुसत्या फायबरवर टांगलेली पाटी जूनच्या वाऱ्यात मला बघवत नाही, खालून माणसं जात असतात! दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत हवंच; २०२२ च्या कायदादुरुस्तीनुसार ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत.