घरी एनिमा देऊ का?

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) आहे. मेसालामाइनच्या गोळ्या चालू असूनही मधूनमधून शौचावाटे रक्त पडतं. निरोगी माणसाची विष्ठा आतड्यात सोडली की हा आजार बरा होतो, असं त्यानं वाचलंय. धाकटा भाऊ द्यायला तयार आहे. दोघं घरीच एनिमा घेऊन बघायचं म्हणतात. काय करावं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी मुलांना थांबवा.

हा उपचार, म्हणजे विष्ठारोपण, थोतांड नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे पुन्हापुन्हा होणाऱ्या जुलाबांवर तो फार गुणकारी आहे. कोलायटिसमध्ये मात्र यश तेवढं नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०१७च्या अभ्यासात आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस एनिमा दिले, तेव्हा २७ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला. खोटा एनिमा दिलेल्यांत ८ टक्के. दिल्लीच्या एम्समधला २०२२चा अभ्यास मला जास्त आशादायक वाटतो. सौम्य ते मध्यम आजार असलेल्यांना खेड्यातल्या दात्यांची विष्ठा दुर्बिणीतून दर आठवड्याला, अशी सात वेळा दिली आणि जोडीला दाह कमी करणारा आहार. आठ आठवड्यांनी ३५पैकी २१ जणांना आराम पडला. नेहमीच्या औषधांवर ३१पैकी १० जणांना. पुढे वर्षभर आराम टिकवायला नुसता आहार ठेवला होता, हे विसरू नका.

भाऊ धडधाकट असेलही. पण हिपॅटायटिस, एचआयव्ही, जंत, औषधांना न जुमानणारे जिवाणू चेहऱ्यावर दिसतात का? २०१९मध्ये अमेरिकेत प्रतिकारशक्ती कमी झालेल्या दोन रुग्णांना दात्याच्या विष्ठेतून असाच ई-कोलाय जिवाणू गेला आणि त्यातला एक दगावला. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली! म्हणून दात्याचं रक्त आणि शौच तपासल्याशिवाय या वाटेला जायचंच नाही.

आणि अजून साधे उपाय शिल्लक आहेत. रक्त पडतंय म्हणजे आतडं शांत झालेलं नाही. मेसालामाइनचा डोस पुरेसा आहे का, गोळ्यांबरोबर त्याचाच एनिमा द्यायचा का, हे पोटविकारतज्ज्ञांना विचारा. या आजारात दोन्ही मिळून जास्त गुण येतो. शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन) आणि क्लॉस्ट्रिडियमची तपासणी करून घ्या. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनानं देऊ नका, आणि चालू औषध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. विष्ठारोपण हवंच असेल, तर ते जिथे रीतसर होतं अशा मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञांच्या चिठ्ठीनं जा.

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि ताप, असं झालं तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.