मीटर, खांब आणि मनोरा : आवारात कोण येऊ शकतं, कोणत्या अधिकाराने?

प्रश्न : वाघोलीजवळ आमचा बिगरशेती प्लॉट आहे. शेजारच्या स्कीमला वीज द्यायची म्हणून त्यात दोन खांब आणि एक स्टे (खांबाला ताण देणारी तिरकी तार) उभा केला. आम्हाला कोणी विचारलं नाही. 'कायद्याने अधिकार आहे' एवढंच उत्तर मिळतं.

उत्तर : अधिकार आहे, पण विचारल्यानंतरचा. वीज कायदा 2003 च्या कलम 67 ला जोडून 2006 साली नियम झाले. त्यांनुसार खासगी जागेत खांब, स्टे किंवा केबल टाकायची तर मालकाची किंवा कब्जेदाराची आधी संमती लागते. हरकत आली, तर कंपनीने जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणायची. भरपाई, वार्षिक भाडं की दोन्ही, हे त्याच वेळी ठरतं. त्या आदेशाविरुद्ध वीज नियामक आयोगाकडे जाता येतं.

म्हणून पहिलं पत्र एकाच मागणीचं ठेवा : आमच्या संमतीची किंवा परवानगीच्या आदेशाची प्रत द्या. ते टाळू लागले तर माहिती अधिकारात मागा. बऱ्याचदा आधीच्या मालकाने किंवा बिल्डरने सही दिलेली निघते, आणि मग प्रकरणच बदलतं.

उभा खांब हलवायलाही याच नियमांत वाट आहे. मालकाने 'पुरेसं कारण' दाखवलं, तर जिल्हाधिकारी तो काढायचा किंवा बदलायचा आदेश देऊ शकतात. 'अडचण होते' हे पुरेसं कारण नव्हे. मोजणीचा नकाशा, मंजूर बांधकाम आराखडा आणि तारेपासूनचं अंतर जोडा. 22 केव्हीची तार इमारतीपासून आडवी किमान 2 मीटर आणि छतावरून गेली तर 3.7 मीटर उंच हवी, लघुदाबाची (घरगुती पुरवठ्याची) 1.2 आणि 2.5 मीटर. लोक खांबापासून टेप धरतात आणि तिथेच चुकतात. मोजायचं असतं ते वाऱ्याने झोका खाऊन तार जिथवर येईल तिथून. 'आमच्या खर्चाने खांब हलवा' असा अर्ज मात्र घाईने करू नका. एकदा पैसे भरले की भरपाईचा मुद्दा मागे पडतो.

प्रश्न : शिरूर तालुक्यात आमच्या उसात 220 केव्हीच्या मनोऱ्याची आखणी झाली आहे. संमती न देता काम थांबवता येईल का?

उत्तर : बहुधा नाही, इथे हिशेब वेगळा आहे. पारेषण कंपनीला (उच्चदाबाच्या मोठ्या वाहिन्या उभारणाऱ्या) वीज कायद्याच्या कलम 164 खाली शासनाचा आदेश मिळालेला असेल, तर तिला 1885 च्या तार (टेलिग्राफ) कायद्यातले अधिकार मिळतात आणि तुमच्या संमतीची गरज उरत नाही. दूरसंचार कायदा 2023 ने तार कायदा मोडीत काढला, पण पारेषण वाहिन्यांसाठी त्यातला भाग तीन शिल्लक ठेवला. त्यामुळे 'तो कायदा आता नाही' हा गावात फिरणारा युक्तिवाद टिकत नाही. आधी 164 चा आदेश दाखवायला सांगा. तो नसेल, तर वरच्या उत्तरातला संमतीचा नियम लागू होतो.

अडवणूक केली तर कंपनी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि त्यांच्या आदेशानंतरचा विरोध गुन्हा ठरतो. ताकद भरपाईवर लावावी. जमीन संपादित होत नाही, सातबारा तुमच्याच नावे राहतो; पण कमीत कमी नुकसान करणं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देणं कंपनीवर बंधनकारक आहे. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 66 केव्ही आणि वरच्या वाहिन्यांसाठी मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के असा दर आहे. राज्याचा चालू शासन निर्णय काय म्हणतो, ते जिल्हाधिकारी कार्यालयात बघून घ्या. पिकाची आणि झाडांची भरपाई याशिवाय.

पैसे बुडतात ते पंचनाम्यात. ई-पीक पाहणी केलेली नसेल तर सातबाऱ्यावर ऊस दिसतच नाही, आणि नंतर तोंडी सांगून उपयोग नसतो. झाडं 'अंदाजे' लिहू देऊ नका : जात, संख्या, वय, बुंध्याचा घेर. ठिबकच्या नळ्या, पाइपलाइन, बांध, क्रेनच्या वाटेत दबलेलं रानही त्यात यायला हवं. रकमेची जागा कोरी असलेल्या संमतीपत्रावर सही नकोच. रक्कम अपुरी वाटली तर दाद जिल्हा न्यायाधीशांकडे मागायची. तहसीलच्या खेपा घालून हाती काही लागत नाही.

प्रश्न : कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची मीटररूम कुलूपबंद असते. वीज कंपनीचे लोक कधीही येऊन उघडायला लावू शकतात का? घरात शिरू शकतात का?

उत्तर : वीज कायद्याच्या कलम 163 प्रमाणे मीटर तपासणं, दुरुस्ती किंवा रीडिंग यांसाठी सोयीच्या वेळी, आधी सांगून येता येतं. ओळखपत्र जरूर मागा, पण नकार देऊन फायदा नाही. लेखी नोटीस देऊन 24 तास उलटले की, नकार चालू असेपर्यंत ते वीज तोडू शकतात. किल्ली वॉचमनकडे ठेवा, भांडण मिटतं.

वीजचोरीच्या संशयावरून आलेल्या भरारी पथकाचे अधिकार जास्त आहेत, ते कलम 135 खाली. तरीही राहत्या घराची झडती सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, घरातला प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय घेता येत नाही. भाषा जुनाट आहे, पण रात्री एकट्या बाईच्या दारात पथक उभं राहिलं तर हीच ओळ कामाला येते. जप्त वस्तूंची यादी हातात घ्या, वाचून मगच सही करा.

प्रश्न : लोणी काळभोरकडे जाणारी इंधनवाहिनी शेतातून गेली आहे. तिच्यावर विहीर पाडता येईल का?

उत्तर : नाही. 1962 च्या पाइपलाइन कायद्याने वाहिनीसाठी घेतलेल्या पट्ट्यात विहीर, तळं, बांधकाम आणि झाड लावणं, सगळ्याला मनाई आहे. पीक घेता येतं. नवी वाहिनी येत असेल, तर अधिसूचनेपासून 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या. वापरहक्कापोटी (जमिनीखालून वाहिनी नेण्याच्या हक्कापोटी) अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या 10 टक्के मिळतात, नुकसानभरपाई वेगळी.