वाचक विचारतात : मुलांच्या वाचनगटासाठी कादंबरी कशी निवडावी?

प्रश्न : नऊ ते बारा वयाच्या सात मुलांचा वाचनगट सुरू करायचा आहे. चांगल्या पुस्तकांच्या याद्या भरपूर मिळतात, पण त्यांतलं नेमकं कोणतं घ्यावं ते कळत नाही.

यादीतलं पुस्तक चांगलं असतं, पण ते गटात चालेलच असं नाही. एकट्याने वाचायची कादंबरी वेगळी आणि पाच-सात जणांनी मिळून बोलायची वेगळी. काही पुस्तकं इतकी गोड आणि पूर्ण असतात की वाचून झाल्यावर सगळी मुलं 'छान आहे' म्हणतात आणि दहा मिनिटांत भेट संपते. गटाला हवं असतं ते ज्यावरून मुलांचं एकमेकांशी पटणार नाही असं पुस्तक.

हे आधी तपासता येतं. तुम्ही स्वतः कादंबरी पूर्ण वाचा. मलपृष्ठावरचा मजकूर किंवा परिचय वाचून निवड करू नका, कारण अडचणी बहुधा शेवटच्या एक तृतीयांश भागात निघतात. वाचताना असे प्रश्न लिहून काढा, ज्यांना दोन समंजस मुलं उलट उत्तरं देतील आणि दोघांनाही पुस्तकातूनच पुरावा दाखवता येईल. 'मैत्रिणीचं गुपित तिने मोठ्यांना सांगितलं, ते बरोबर केलं का?' हा असा प्रश्न आहे. 'खोटं बोलणं चांगलं का?' हा नाही, त्याचं अपेक्षित उत्तर मुलांना पहिलीपासून पाठ असतं. असे तीन प्रश्नही निघाले नाहीत, तर ते पुस्तक एखाद्या मुलाला भेट द्या, गटात आणू नका.

दुसरी तपासणी भाषेची. पहिलं पान सोडून द्या. ते बहुधा सर्वांत वर्णनात्मक असतं आणि त्यावरून पुस्तक आहे त्याहून अवघड वाटतं. साधारण एक तृतीयांश पुस्तक झाल्यावरचं एक पान, मधलं एखादं संवादाचं पान आणि शेवटाकडचं एक पान घ्या. प्रत्येकातला शंभरेक शब्दांचा तुकडा गटातल्या मधल्या वाचकाला वाचायला द्या. शंभरात एखाद-दोन शब्द अडले तर मूल संदर्भाने पुढे जातं. पाच-सहा अडू लागले की गोष्टीचा धागा सुटतो, आणि मूल 'कंटाळवाणं आहे' म्हणतं. तो कंटाळा पुष्कळदा न कळल्याचाच असतो.

शब्दांपेक्षाही मुलं जास्त अडखळतात ती रचनेपाशी. पहिल्या वीस पानांत सहा-सातहून जास्त नावं येतात का? गोष्ट मध्येच मागच्या काळात जाते का? सांगणारा बदलतो का? रॉबर्ट लुई स्टीव्हनसन यांच्या 'ट्रेझर आयलंड' या साहसकादंबरीत सगळी गोष्ट जिम हा मुलगा सांगत असतो, पण सोळा ते अठरा ही तीन प्रकरणं गोष्टीतला डॉक्टर सांगतो. हे माहीत नसेल तर 'मी' कोण झाला तेच मुलांना कळत नाही. अशा कारणासाठी पुस्तक टाळू नका. फक्त आधीच्या भेटीत 'आता बोलणारा बदलणार आहे' एवढं सांगा. नावं फार असतील तर ती नात्यांसकट एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहून द्या, तीच खूण म्हणून पुस्तकात राहते. बोलीभाषा असेल तर तिचं पहिलं पान तुम्ही मोठ्याने वाचा. कानावर पडली की ती डोळ्यांनाही सोपी जाते.

नऊ आणि बारा यांतलं अंतर मात्र मोठं आहे. मुलांना स्वतःच्या वयाच्या किंवा थोड्या मोठ्या नायकाची गोष्ट आवडते, लहान नायकाची बारा वर्षांच्या मुलांना सहसा नको असते. म्हणून अकरा-बारा वर्षांचा नायक, सोपी वाक्यं आणि छोटी प्रकरणं असं पुस्तक शोधा. ते मिळत नसेल तर आणखी थोडी मुलं जमवून दोन गट करणंच बरं. फक्त एकेका गटात पाचपेक्षा कमी मुलं नकोत, दोघं गैरहजर राहिली की चर्चाच होत नाही. आणि आठांच्या वर गेलं की तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा मिनिटं येतात.

प्रश्न : पुस्तक मोठ्यांनी ठरवावं की मुलांनी?

दोघांनी, पण क्रमाने. तुम्ही वाचून पारखलेली तीन किंवा चार पुस्तकं समोर ठेवा. प्रत्येकाची तीन मिनिटं ओळख करून द्या, एक पान वाचून दाखवा, मग पुस्तकं मुलांच्या हातात द्या. मतदान चिठ्ठ्यांनी घ्या, हात वर करून नको. हात वर करताना मुलं पुस्तकाकडे बघत नाहीत, मित्राकडे बघतात. चिठ्ठीवर पसंतीचा क्रम आणि एखादं 'नकोच' असेल तर ते लिहायला सांगा. ज्याला सर्वांत कमी 'नकोच' आले ते पुस्तक घ्या. सातांपैकी तिघांची पहिली पसंती मिळालेलं पुस्तक जिंकतं खरं, पण उरलेल्या चौघांना ते नको असेल तर दुसऱ्या भेटीपासून गट गळू लागतो.

प्रश्न : एका भेटीसाठी किती पानं द्यावीत? आमच्याकडे निम्मी मुलं वाचून येतच नाहीत.

बहुतेक वेळा पानं जास्त दिलेली असतात. अंदाज बांधू नका, मोजा. पुस्तकाच्या मधली पानं देऊन गटाला दहा मिनिटं मनात वाचू द्या आणि सर्वांत सावकाश वाचणाऱ्याची पानं मोजा, त्याचं नाव मात्र कुणापुढे घेऊ नका. समजा चार पानं झाली. रोज पंधरा मिनिटं म्हणजे सहा पानं, आठवड्यातले पाचच दिवस धरले तर तीस. एकशे साठ पानांची कादंबरी म्हणजे साधारण सहा आठवडे. याहून लांबलेलं पुस्तक सहसा तग धरत नाही, सुरुवात विसरायला होते. तेव्हा हिशोब सहापुढे जात असेल तर लहान पुस्तक निवडा, रोजची पानं वाढवू नका.

कुठे थांबायचं, हे पानं सारखी वाटून ठरवू नका. पुन्हा 'ट्रेझर आयलंड'च घेऊ. त्यात सहा भाग आणि चौतीस प्रकरणं आहेत, पण भाग सारखे नाहीत, तिसऱ्यात तीनच प्रकरणं आणि शेवटच्यात सात. दुसरा भाग बाराव्या प्रकरणाशी संपतो. पण थांबण्याची खरी जागा दहाव्याच्या शेवटी आहे : सफरचंदांच्या पिंपात बसलेल्या जिमच्या कानावर बंडाचा कट रचणाऱ्या खलाशाचे पहिले काही शब्द पडतात आणि जहाजावरच्या प्रामाणिक माणसांचे प्राण आता आपल्यावरच अवलंबून आहेत हे त्याला कळतं. तिथे थांबलात तर 'आता त्याने काय करावं?' यावर अर्धा तास जातो, आणि पुढचं वाचून या असं सांगावंही लागत नाही.

याउलट 'श्यामची आई'सारख्या पुस्तकात प्रत्येक 'रात्र' बरीचशी स्वतंत्र आहे. एखादी भेट चुकलेलं मूलही सहज परत सामील होतं, म्हणून अनियमित गटाला अशी रचना सोयीची. पण पुढे काय होणार ही ओढ तिथे कमी असते, तेव्हा चर्चेची तयारी तुम्हाला जास्त करावी लागते.

न वाचता आलेल्या मुलाला परत पाठवू नका. पहिली सात-आठ मिनिटं, वाचून आलेली मुलं आळीपाळीने एकेक वाक्य बोलत गोष्ट सांगतील असं ठेवा. न वाचलेल्याला निदान बसता येतं, आणि वाचलेल्यांत काय सुटलं यावरून वादही सुरू होतो. जे मूल सगळं पुस्तक संपवून येतं त्याला एक काम द्या : दर भेटीला त्या भागातली अशी एक जागा शोधायची, जिथे पुढचं सुचवलेलं होतं आणि आपल्या लक्षात आलं नव्हतं. ती जागा शेवटच्या भेटीपर्यंत वहीत बंद ठेवायची. यामुळे ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचतं आणि शेवटही फोडत नाही.

प्रश्न : चर्चा 'आवडलं', 'नाही आवडलं' याच्यापुढे जात नाही.

कारण बहुधा पहिला प्रश्नच तो असतो. मुलांच्या साहित्यचर्चेवर काम केलेले एडन चेंबर्स यांनी चार साधे प्रश्न सुचवले आहेत : काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कोड्यात टाकतं आणि काय पुन्हापुन्हा येतं. आमचा सल्ला, तिसऱ्यापासून सुरू करा. न कळलेलं सांगायला हुशार दिसावं लागत नाही, त्यामुळे गप्प मुलंही बोलतात. वाचताना प्रत्येकाने तीन चिकटचिठ्ठ्या लावून आणायच्या, निदान एक तरी 'हे कळलं नाही' अशी. भेटीची सुरुवात तिथूनच करा.

प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांत दाखवून दिलं की शिक्षक साधारण एकच सेकंद वाट पाहतात, आणि ती तीन सेकंदांपर्यंत नेली तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. उत्तर आल्यावर 'छान' म्हणू नका. 'हे पुस्तकात कुठे दिसलं?' असं विचारा आणि पान उघडू द्या.

शब्द शोधणारा, चित्र काढणारा, प्रश्न विचारणारा अशा भूमिका वाटण्याची पद्धत अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ हार्वे डॅनियल्स यांच्या १९९४च्या पुस्तकामुळे फार पसरली. पुढे त्यांनीच सावध केलं की भूमिकांचे कागद भरणं यांत्रिक होऊ शकतं. पहिल्या दोन-तीन भेटींना भूमिका वापरा, मग सोडून द्या.

प्रश्न : मृत्यू, मारहाण, आईवडिलांचं वेगळं होणं असे विषय असलेली पुस्तकं टाळावीत का?

सरसकट टाळू नका, पण आंधळेपणाने घेऊही नका. प्रसंग किती दुःखाचा आहे यापेक्षा त्यानंतर पुस्तक मुलाला कुठे सोडतं ते पाहा. कुणीतरी सोबत राहतं का, बोललं जातं का? गटातल्या एखाद्या मुलाच्या घरी नुकतंच तसंच काही घडलं असेल, तर ते पुस्तक या खेपेला बाजूला ठेवा. एकट्याने वाचताना मूल पान उलटून पुढे जाऊ शकतं, गटात त्याला सर्वांसमोर बसावं लागतं. इतर वेळी पालकांना विषय आधी सांगा, प्रकरणाचा क्रमांकही द्या. तो भाग भेटीच्या शेवटाला येणार नाही असं पाहा, नाहीतर बोलायला वेळच न उरता मुलं घरी जातात.

प्रश्न : अनुवादित कादंबरी घेताना काय पाहावं?

'अनुवाद', 'रूपांतर' की 'संक्षिप्त', हे आधी पाहा. संक्षिप्त आवृत्तीत घटना राहतात, पण माणसं तसं का वागली ते बरेचदा कापलं जातं, आणि गटाला नेमकं तेच हवं असतं. दोन पानं संवाद मोठ्याने वाचा. तोंडात अडखळलं तर मुलांच्याही अडखळेल. सर्वांकडे एकच आवृत्ती असावी. ते शक्य नसेल तर पानांचे नाही, प्रकरणांचे क्रमांक द्या. पण संक्षिप्त आणि पूर्ण प्रती एकाच गटात मिसळू नका.

प्रश्न : अर्ध्यावर पुस्तक कुणालाच आवडेनासं झालं तर?

एक चतुर्थांश झाल्यावर पुन्हा चिठ्ठ्या घ्या, हे सुरुवातीलाच जाहीर करा. निम्म्याहून जास्त मुलांनी 'थांबू या' लिहिलं तर थांबा. पण त्याआधी एक पूर्ण भेट 'हे कुठे बिघडलं?' यावर घ्या, पुस्तक उघडून आणि पानं दाखवून. कंटाळा नेमका कोणत्या प्रकरणात सुरू झाला हे मुलं अचूक सांगतात. ते टिपून ठेवा, पुढचं पुस्तक निवडताना लागेल.