जूरीची भीती, गोळ्या आणि बीएफए: कॉलेजला किती सांगायचं?

नमस्कार ताई,

तुमचं डिचोलीहून आलेलं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलगा बारावी झालाय, लहानपणापासून डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचता-लिहिताना अडचण येते, दहावीला रायटर, म्हणजे पेपर लिहून देणारा, मिळाला होता. गेल्या वर्षी पॅनिक अटॅक सुरू झाले, मागोमाग डिप्रेशन, आता बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात, औषधं चालू आहेत आणि पोरगं बरंच सावरलंय. त्याला पणजीला आल्तिनोवरच्या गोवा कॉलेज ऑफ आर्टला बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करायचंय. बाबांचं म्हणणं, कॉलेजात अवाक्षर काढायचं नाही, एकदा शिक्का बसला की बसला. आणि तुम्ही विचारताय सांगू की नको.

सांगा. पण आजाराची कहाणी सांगत बसू नका, अडचण नेमकी कुठे येते आणि त्यावर काय हवंय तेवढंच सांगा, आणि तेही लेखी. तोंडी सांगितलेलं स्टाफरूमच्या दारापर्यंत टिकतं, पुढच्या सेमिस्टरला सर बदलले की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

लोकांना वाटतं आर्ट म्हणजे टेन्शन नाही, मस्त चित्रं काढत बसायचं. अहो, बीएससीच्या मुलाला चुकलेला पेपर फक्त तपासणारा बघतो, इथे जूरी असते, म्हणजे तुमचं अर्धवट जमलेलं काम भिंतीवर टांगून सगळ्या वर्गासमोर सर विचारतात की हा रंग इथे का घेतला, सांग. ज्याला पॅनिक होतो त्याला नेमकं तिथेच घाम फुटतो. दुसरं म्हणजे सबमिशन. महिनाभर निवांत असतात आणि शेवटच्या आठवड्यात सगळा वर्ग रात्र रात्र जागतो आणि त्यात मोठेपणा मानतात, पण डिप्रेशनमधून नुकत्याच बाहेर आलेल्या मुलाला जागरण फार महागात पडू शकतं. तिसरं, बीएफए म्हणजे नुसता ब्रश नाही, आर्ट हिस्टरीचा लेखी पेपर असतो, डिस्लेक्सियावाला तिथे अडकतो, आणि ॲडमिशन घेताना हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

तर पत्रात असं काहीतरी लिहा: "माझ्या कामावरची चर्चा शक्यतो दोन-तीन शिक्षकांसमोर व्हावी किंवा मला आधी लिहून आणलेले मुद्दे बघून बोलू द्यावं. मोठ्या असाइनमेंटला मधे एक-दोन टप्प्यांच्या तारखा द्याव्यात. लेखी पेपरला रायटर आणि जादा वेळ मिळावा. अटॅक आला तर न विचारता दहा मिनिटं वर्गाबाहेर जायची परवानगी असावी." एवढंच. खाली त्याची सही, तुमची नको, तो आता अठराचा आहे. सोबत डॉक्टरांची चार ओळींची चिठ्ठी. कुठली गोळी, किती मिलीग्रॅम, घरात काय झालं होतं, यातलं काही कॉलेजला कळायची गरज नाही, आणि २०१७च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टप्रमाणे त्याची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हे बाबांना जरूर सांगा, त्यांची अर्धी भीती तिथेच जाईल. आणि एक, काम सोपं करून द्या असं मात्र मागू नका. ड्रॉइंग त्यालाही तेवढंच करावं लागणार, मार्क कामाचेच. आपण मागतोय ती फक्त वेळ आणि पद्धत.

आता कागदपत्रं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात डिस्लेक्सियासारखी लर्निंग डिसॅबिलिटीही येते आणि मानसिक आजारही. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात किमान ५ टक्के जागा राखीव असतात, पण त्या ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असलेल्यांसाठी. दहावीला बोर्डाने दिलेली सवलत म्हणजे हे सर्टिफिकेट नव्हे, इथे खूप पालक फसतात, ऐन ॲडमिशनच्या वेळी धावाधाव होते. त्याला अठरा पूर्ण झालेत, त्यामुळे लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी आताच नव्याने करून घ्या आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज टाकून ठेवा. समजा ४० टक्के नाहीच भरले, तरी हिरमुसू नका. राखीव जागा मिळणार नाही, पण रायटरचं दार बंद होत नाही, २०२१ साली सुप्रीम कोर्टाने विकास कुमार या परीक्षार्थीच्या केसमध्ये हेच सांगितलंय, आणि पुढच्या वर्षी केंद्राने तशा मुलांसाठी वेगळे नियमही काढले. जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हे लेखी परीक्षेचं झालं, प्रॅक्टिकलला आणि ॲडमिशनच्या टेस्टला काय देतात ते आधीच अर्ज करून विचारा, आदल्या दिवशी नको.

गोळ्या घेतल्या की "रंग फिके वाटतात" म्हणून त्याला त्या बंद करायच्यात असं लिहिलंय तुम्ही. त्याचं म्हणणं उडवून लावू नका, काही औषधांनी सुस्ती येते, हात किंचित थरथरतो, आणि चित्रकाराला ते छळतंच. पण हे त्याने डॉक्टरांना सांगायचं, डोस किंवा वेळ बदलून बऱ्याचदा मार्ग निघतो. मनाने बंद करायच्या नाहीत. आणि जो कोणी नातेवाईक म्हणतो ना, की कलाकार म्हटला की थोडा वेडा असायचाच, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. रात्री-बेरात्री गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं, तो त्याच्या फोनमध्ये सेव्ह असू द्या.

बाबांचा मुद्दा राहिला. ते विचारतात, गणेश चवथीआधी पोरगा चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, गणपतीचे डोळे रंगवत रात्री बारा-बारापर्यंत बसतो, तेव्हा बरा असतो, मग कॉलेजातच काय होणार? प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर त्यातच आहे. तिथे कोणी त्याला उभं करून जाब विचारत नाही, शेजारी काका बसलेले असतात, भुवई वाकडी गेली तर शाडू ओला असल्यासारखं सहज पुसून पुन्हा काढ म्हणतात. कॉलेजात असा एक माणूस शोधा. एकच शिक्षक पुरे, ज्याच्याकडे तो महिन्यातून एकदा जाऊन बसू शकेल.

बाबांना आणखी एक सांगा. ताळगाव पठारावरची गोवा युनिव्हर्सिटी ज्यांनी डिझाइन केली ते चित्रकार सतीश गुजराल, लहानपणीच त्यांची ऐकण्याची शक्ती गेली होती, तरी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. हे बाबांसाठी हं, मुलाला ऐकवू नका, त्याच्या डोक्यावर उगाच आणखी एक ओझं.

टेस्टच्या आधी एखाद्या साध्या दिवशी त्याला कदंबाच्या बसने पणजीला न्या, आल्तिनोचा चढ चढून कॉलेज बघून येऊ द्या, सीनियर मुलांशी त्याला एकट्याला बोलू द्या. तुम्ही खाली चर्चजवळ थांबा.