चार दिवसांत बिघडलं, तर ते वय नव्हे

प्रश्न : मामंजी ७४ वर्षांचे, आयुष्यभर यंत्रमागावर काम केलं. दोन वर्षांपासून थोडं विसरतात. पण गेल्या चार दिवसांत दिवसा गुंगीत असतात, रात्री जागतात, बरळतात. पांघरलेल्या चादरीवर बोटं चालवत तुटलेले धागे जोडत बसतात. बीपीची गोळी चालू आहे. स्मृतिभ्रंश वाढला का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांनी वाढतो. चार दिवसांत असं झालं, तर आधी डिलिरियमचा, म्हणजे आजाराने किंवा औषधाने अचानक येणाऱ्या भ्रमाचा, संशय घ्यायचा. जुनी माणसं याला ‘वात झाला’ म्हणत. पांघरूण चाचपणं ही त्याची ओळखीची खूण. एक करून पाहा : शनिवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. मध्येच सुटले, डोळा लागला, तर लक्षच टिकत नाहीये.

आजच सिव्हिलला किंवा जवळच्या फिजिशियनकडे न्या. रविवार आहे म्हणून थांबू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, सर्दीची आणि झोपेचीसुद्धा. सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिनने म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते, भ्रमही होतो. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का, ते विचारा. लघवी वाढवणाऱ्या या औषधांनी रक्तातलं सोडियम उतरतं. त्यात आपल्याकडचा चाळिशीपार उन्हाळा आणि तुटलेलं जेवण! सोडियम १३५ ते १४५ हवं. १२५ च्या खाली गेलं तर असं बरळणं सहज होतं. पण घरी मीठपाणी पाजू नका. सोडियम झपाट्याने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, ते दवाखान्यात मोजून मोजूनच चढवतात.

सोडियमसोबत साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) आणि लघवीची तपासणी होईल. या वयात जंतुसंसर्ग तापाशिवायही असतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत पडले असतील, डोक्याला मार किरकोळ वाटला असला तरी, ते सांगाच. सीटी स्कॅनमध्ये साचलेलं रक्त दिसतं. तोंड वाकडं झालं, एका बाजूची शक्ती गेली किंवा जागेच होत नसतील, तर लगेच १०८.

तोवर चष्मा, कानाचं यंत्र लावलेलं असू द्या, रात्री मंद दिवा ठेवा, हात बांधू नका. ‘धागे नाहीत’ म्हणून वाद घालू नका, हात हातात घ्या. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका, त्याने गोंधळ वाढतो.

दोन वर्षांच्या विसरण्याची तपासणी नंतर : पूर्ण सावरल्यावर, काही आठवड्यांनी, बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडच्या टीएसएच तपासणीसकट. आत्ता स्मरणशक्तीची चाचणी घेतली तर ती खोटंच सांगेल.